पाणबुड्याचे साहित्य : वस्तू आणि शब्द

देवगिरीपासून समुद्र सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. तरीही पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसाच्या साहित्याचा इतिहास शोधावयाचा झाल्यास आरंभ देवगिरीपासून करण्यास हरकत नाही. इ. स. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीने रामचंद्र यादवाकडून जी खंडणी नेली तिच्यात सहाशे मण सोन्याबरोबर सात मण मोती होते, असे फरिश्त्याने लिहिले आहे. फरिश्ता विजापुरास बसून ह्या घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता. तेव्हा ह्या आकड्यांवर विसंबण्याचे कारण नाही. आकडा खोटा ठरला तरी देवगिरीच्या कोठारात मोती होते, हे मात्र खोटे ठरत नाही. यादवांच्या राजधानीस मोत्यांचे वैपुल्य असणे स्वाभाविकच होते. महादेव यादवाने इ. स. १२६५ च्या सुमारास उत्तर कोकणच्या शिलाहारांचे राज्य बुडविले, आणि त्या राज्याचा शेवटचा राजा सोमेश्वर समुद्रातच बुडाला, असे हेमाद्रीच्या प्रशस्तीत सांगितले आहे. ठाण्याच्या खाडीपासून चौलपर्यंतची बंदरे त्यानंतर देवगिरीच्या अंमलाखाली आली. ह्या बंदरांत इराणच्या आखातातून येणाऱ्या मालात घोडे होते, तसेच मोतीही होते.

प्रत्येक मोत्यामागे कोणीतरी बुडी मारलेली असते. ती मारणाऱ्याच्या अंगावर काय होते, हा प्रश्न आपल्या इतिहासलेखनात सहसा विचारला जात नाही. मोत्याचे वजन, मोल, 'पाणी' ह्यांविषयी आपल्याकडे विपुल लिहिले गेले. रत्नपरीक्षेचे स्वतंत्र शास्त्र झाले. मुंबईच्या बाजारात 'चव' नावाच्या मापाने मोत्याचे मोल ठरविण्याची गणिते दलालांना मुखोद्गत असत. बुडी मारणाऱ्याविषयी मात्र ह्या सर्व वाङ्मयात जवळजवळ मौन आहे. ते मौन ज्यांनी मोडले त्या दोन महत्त्वाच्या प्रवाशांचे पाय महाराष्ट्राच्या भूमीला लागले होते, ही गोष्ट आपल्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

पहिला अल्-मसूदी. हा इ. स. ९१६ च्या सुमारास सैमूर म्हणजे चेऊल येथे होता, आणि तेथे त्या वेळी झंझ नावाचा राजा राज्य करीत असल्याचे त्याने नमूद केले आहे. शिलाहार झंझाच्या कालनिर्णयासाठी हा उल्लेख आपण नेहमी वापरतो. त्याच ग्रंथात आखातातील मोती काढणाऱ्यांचे जे वर्णन आहे त्याकडे मात्र कोकणच्या इतिहासकारांचे लक्ष जाण्याचे कारण पडले नाही. मसूदी सांगतो : हे लोक नाकपुड्या कासवाच्या पाठीच्या किंवा शिंगाच्या चिमट्याने बंद करतात, कानांत तेलात भिजविलेला कापूस घालतात, आणि तळाशी गेल्यावर त्यातील थोडे तेल पिळून सोडतात, त्यायोगे पाण्यात उजेड पडल्यासारखे होते, पायांना व मांड्यांना काळा रंग फासतात, म्हणजे समुद्रातील हिंस्र प्राणी दूर पळतात, आणि पाण्यात असता कुत्र्यासारखे ओरडून एकमेकांना हाक देतात. शिवाय, नाक बंद असल्यामुळे श्वास बाहेर जाण्यासाठी त्यांचे कान मुळाशी चिरलेले असतात, असेही तो म्हणतो.

ह्या यादीतील शेवटची बाब वाचणाऱ्यास प्रथम हास्यास्पद वाटते, कारण कानाच्या मुळाशी चीर देऊन श्वास सोडता येत नाही. परंतु ती निखळ कल्पित म्हणून सोडून देऊ नये. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो. तो दाब कानाच्या पडद्यावर बाहेरून पडतो. आतून, म्हणजे घशाकडून कानाकडे जाणाऱ्या नळीवाटे, तेवढाच दाब पोहोचविला नाही तर पडदा आधी दुखतो व मग फाटतो. ज्यांचे पडदे फाटले आहेत अशा बुडी मारणाऱ्यांना पुढे वेदना कमी होतात आणि नाक दाबून हवा फुंकली असता ती कानावाटे बाहेरही येते. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या परक्या माणसाला 'ह्यांचे कान फाटलेले असतात, श्वास तेथून निघतो' असे कोणी सांगितले असेल, आणि 'फाटलेले' ह्याचा अर्थ त्याने 'चिरलेले' असा घेतला असेल, असा माझा तर्क आहे. तसे असल्यास मसूदीच्या ह्या विक्षिप्त वाक्यात एका व्यवसायरोगाची फार जुनी नोंद दडलेली आहे.

दुसरा प्रवासी इब्न बतूता. दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे जाण्यास तो इ. स. १३४२ मध्ये निघाला व वाटेत दौलताबादेस राहिला. नगराचे तीन भाग, देवगिरीच्या दुर्गाचा अभेद्यपणा, तेथील अंधारकोठडीतील मांजराहून मोठे उंदीर, गायिकांचा बाजार, मराठ्यांच्या स्त्रियांची नाके व भिवया, हे सर्व त्याच्या वृत्तांतातून वारंवार उद्धृत झालेले आहे. दौलताबादवर लिहिणारा प्रत्येक जण हे एक पान उघडतो व मिटतो. त्याच ग्रंथात आखाताच्या प्रकरणी मोत्यांच्या बुडीचे वर्णन आहे, ते असे की, बुडी मारणारा कासवाच्या कवचाचे आवरण तोंडावर चढवितो. त्याच कवचाचा कात्रीसारखा चिमटा करून नाकावर बसवितो. कमरेस दोर बांधून खाली उतरतो. तळाच्या वाळूत खड्यांना चिकटलेले शिंपले हाताने किंवा जवळच्या लोखंडी हत्याराने सोडवितो. गळ्यात अडकविलेल्या कातडी पिशवीत ठेवतो. आणि श्वास कोंडला की दोर हालवितो, म्हणजे वरचा माणूस त्यास ओढून घेतो.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना करणे अवश्य आहे. हा वृत्तांत प्रवास संपल्यानंतर फेज येथे सांगून लिहविलेला असून तो इ. स. १३५५ मध्ये पूर्ण झाला. आखाताच्या प्रकरणात कैस बेट व जुने सिराफ बंदर ह्यांची उघड गल्लत झालेली आहे. काही जण पाण्याखाली एक-दोन तास राहतात असे जे विधान त्यात आहे ते तर शरीरधर्माच्या विरुद्धच आहे. आखातातील बुडी साधारणतः एक ते दीड मिनिटाची असे. तेव्हा लेखकाने हे सर्व डोळ्यांनी पाहिले की ऐकले, ह्याविषयी शंका घेता येते. परंतु साहित्याची यादी मात्र विश्वसनीय आहे, कारण आखातात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत जे साहित्य वापरात होते त्याच्याशी ती जुळते. एकच वस्तू संदिग्ध राहते : तोंडावरचे कवच. ते घासून पारदर्शक केलेले असून डोळ्यांसाठी होते, की चेहऱ्याच्या रक्षणापुरते होते? मूळ शब्दांवरून निर्णय होत नाही. पाण्याखालच्या चष्म्याचा हा पहिला उल्लेख म्हणून हे वाक्य छातीठोकपणे सांगण्याची जी प्रथा पडली आहे तिला त्यामुळे मर्यादा आहे.

त्याच वर्णनाच्या शेवटी इब्न बतूता एक वाक्य लिहून जातो, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणात तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. सुलतानाचा पाचवा हिस्सा गेल्यावर उरलेले मोती तेथे हजर असलेले व्यापारी घेतात. त्यांतील बहुतेक जण बुडी मारणाऱ्यांचे सावकारच असतात, व मोती कर्जात वळते होतात. मराठीत पाण्यात बुडणे, कर्जात बुडणे आणि कर्ज बुडविणे ह्या तिन्ही क्रियांना एकच धातू आहे. (हा धातूही लक्षणीय आहे. प्राकृतातील 'बुड्ड' हा वर्णक्रम मराठीने जसाच्या तसा राखला; हिंदीने त्याची उलटापालट करून 'डूबना' केले.) त्याहून सुमारे तेराशे वर्षे आधी 'पेरिप्लस'च्या ग्रीक लेखकाने पांड्यांच्या राज्यातील कोल्खी येथे मोती काढण्याचे काम शिक्षा झालेल्या अपराध्यांकडून करून घेतले जाते, असे लिहिले होते. अपराधी किंवा कर्जदार. स्वेच्छेने कोणी ह्या धंद्यात उतरत असे, असे जुन्या साधनांवरून फारसे दिसत नाही.

शब्दांकडे वळू. मसूदी व इब्न बतूता ज्या नाकचिमट्याचे वर्णन करतात त्याला आखाती अरबीत 'फिताम' म्हणतात. अरबीत ह्याच शब्दाचा रूढ अर्थ मुलाचे दूध तोडणे असा आहे. मूळ धातूत तोडण्याचा, एखाद्या गोष्टीपासून वेगळे करण्याचा भाव आहे. आईपासून तोडलेले मूल आणि हवेपासून तोडलेला माणूस, ह्या दोहोंस एकच शब्द लावणारी बोली त्या माणसांचीच असली पाहिजे. ग्रंथकारांना हे सुचले नसते. त्याच नावेच्या प्रमुखाला 'नाखुदा' म्हणत. हा फारसी शब्द, नावेचा धनी ह्या अर्थाचा, कोकण किनाऱ्यावर येऊन 'नाखवा' झाला व कोळ्यांच्या घरोघर पोहोचला. 'खलाशी' आणि 'सारंग' हेही तिकडचेच. म्हणजे नाव, तिचा धनी, तिच्यावरची माणसे ह्या सर्वांचे शब्द आपण घेतले. फिताम मात्र घेतला नाही, कारण ती वस्तूच आपल्या किनाऱ्यावर लागली नाही. बुडी ह्या अर्थाचा फारसी 'गोता' तेवढा मराठीत शिरला. पण पाणी मागेच राहिले आणि 'गोत्यात येणे' म्हणजे संकटात सापडणे एवढाच अर्थ आपल्याकडे उरला.

बुडी मारणाऱ्यासाठी आपला स्वतःचा शब्द 'पाणबुड्या'. समासात 'पाणी' ह्याचे 'पाण' होणे हा मराठीचा नित्याचा नियम आहे : पाणवठा, पाणपोई, पाणलोट, पाणमांजर. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की हिंदी भाषकाच्या तोंडी 'पनचक्की' होते, त्याच न्यायाने त्याची 'पनडुब्बी' आपली 'पाणबुडी' ठरते. पुढे 'पाणबुडी' युद्धनौकेकडे गेली आणि आज हा शब्द उच्चारला की माणूस कोणाच्याही डोळ्यांपुढे येत नाही. ह्याच्या बरोबर उलट प्रवास दुसऱ्या एका शब्दाने केला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांवर पाण्याखालून हवा ओढणारी एक उंच नळी बसविण्यात आली. मूळ युक्ती डच नौदलाची. जर्मन खलाशी तिला 'श्नोर्खेल' म्हणू लागले. घोरणे ह्या अर्थाच्या जर्मन क्रियापदाशी नाते सांगणारा हा नाविकांचा बोलीशब्द आहे. युद्ध संपल्यावर पोहणाऱ्याच्या तोंडातील वीतदीड वीत लांबीच्या नळीला तेच नाव मिळाले. आपला शब्द माणसावरून नौकेवर गेला, त्यांचा नौकेवरून माणसावर उतरला.

ही नळी, चेहऱ्यावरचा मास्क आणि पायांतले फिन ह्या तीन वस्तू आज स्कूबाचा प्रारंभिक अभ्यासक्रम करणाऱ्याने स्वतःच्या घ्याव्यात, असा सार्वत्रिक संकेत आहे. हवेची टाकी, रेग्युलेटर, हवा भरण्याचे जाकीट हे महाग व देखभालीचे साहित्य बहुधा संस्था पुरविते. 'स्कूबा' हे नाव, स्वयंपूर्ण जलांतर्गत श्वसनयंत्र अशा अर्थाच्या पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे, अमेरिकन वैद्य लॅम्बर्टसन ह्याच्या कार्यातून आले. यंत्राचे आजचे रूप मात्र इ. स. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कूस्तो व गान्यां ह्यांनी सिद्ध केले. ह्या तीन वस्तूच स्वतःच्या का असाव्यात, ह्याचे कारण त्या प्रत्येकीच्या इतिहासात आहे.

डोळा हवेत पाहण्यासाठी घडलेला आहे. पाण्यात बुबुळाची प्रकाश वळविण्याची शक्ती जवळजवळ नाहीशी होते व सर्व धूसर दिसते. डोळ्यापुढे हवेचा थर ठेवला की दृष्टी परत येते, केवळ वस्तू अंतराच्या पाऊण भागावर व एकतृतीयांशाने मोठ्या भासतात. एकोणीसशे तीसच्या दशकात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर हौशी लोक ह्यासाठी दोन डोळ्यांचे दोन वेगळे चष्मे वापरीत. त्यांतील दोष थोड्याच खोलीवर कळून आला : पाण्याचा दाब वाढला की चष्म्यातील अडकलेली हवा आकसते, तिची उणीव भरण्यास मार्ग नसतो, आणि डोळ्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटू लागतात. उपाय असा निघाला की नाकही काचेच्या आत घ्यावयाचे, म्हणजे नाकावाटे थोडी हवा सोडून आतला दाब सारखा करता येतो. पोहण्याच्या तलावातील चष्मा स्कूबासाठी का चालत नाही, ह्या नवशिक्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

मास्क निवडण्याची जी रीत शिकविली जाते ती ह्या तत्त्वाशी सुसंगत आहे. पट्टा डोक्यामागे न घेता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवावा, नाकाने हलकेच श्वास ओढावा आणि हात सोडावा. तो तसाच चिकटून राहिला तर चेहऱ्याशी जुळला. पट्टा ओढून घट्ट करून जुळविलेला मास्क पाण्यात गळतोच. काच कठीण केलेली, फुटल्यास धारदार तुकडे न होणारी असावी. कडेचे आवरण मऊ सिलिकोनचे. आणि नाकाचा भाग असा की बाहेरून दोन बोटांत नाक चिमटता यावे. ह्या शेवटच्या अटीपाशी क्षणभर थांबावेसे वाटते. मास्कच्या नाकाला आज जो खोलगट खिसा असतो त्याचे काम नाक दाबून कानांत हवा पोहोचविणे हे आहे. कासवाच्या पाठीचा चिमटा एवढ्यापुरता मास्कच्या आत गेला, असे म्हणावयास हरकत नाही. मसूदीच्या यादीतील तेलाचा बोळा मात्र सर्वथा वर्ज्य झाला आहे. कानात काहीही घालून खोल पाण्यात उतरू नये, कारण दाब त्या बोळ्यालाच आत ढकलतो. मिशांच्या माणसास मास्क किंचित गळणारच. कोणास दूरचे स्पष्ट दिसत नसेल तर तशा काचा बसवून मिळतात. चष्मा आत घालता येत नाही.

नळीविषयी थोडक्यात सांगता येईल. ती जितकी लांब तितकी उपयुक्त असे वाटणे साहजिक आहे आणि नेमके तेच घातक आहे. लांब नळीत उच्छ्वासाची शिळी हवा साचून तीच पुन्हा आत ओढली जाते. शिवाय छाती मीटरभर पाण्याखाली असेल तर बाहेरचा दाब इतका होतो की वरची हवा फुप्फुसात ओढणे जवळजवळ अशक्य ठरते. बोरू तोंडात धरून तळ्याच्या तळाशी तासन् तास लपून बसलेल्या वीरांच्या कथा जगातील अनेक भाषांत आहेत. त्यांतील खोली कोणी मोजलेली नाही.

फिनांचा इतिहास त्या मानाने आनंददायक आहे. बेंजामिन फ्रँकलिनने बॉस्टनमध्ये मुलगा असताना अंगठ्यासाठी भोक पाडलेल्या लाकडी फळ्या हातात धरून पोहून पाहिले. पायांच्या तळव्यांनाही त्याने काही बांधले होते, पण त्याचे समाधान झाले नाही. रबराचे फिन फ्रेंच नौदलातील अधिकारी द कॉर्ल्यू ह्याने केले व इ. स. १९३३ मध्ये त्याचे एकस्व घेतले. आज त्यांचे दोन प्रकार मिळतात : सगळे पाऊल आत जाणारे, अनवाणी घालावयाचे, आणि टाच उघडी असलेले, रबरी मोज्यावर पट्ट्याने बांधावयाचे. मालवणसारख्या ऊबदार पाण्यात पहिला प्रकार पुरतो, पण खडकाळ किनाऱ्यावरून चालत पाण्यात जावयाचे असेल तर दुसरा बरा. नवशिका बहुधा सर्वांत लांब व ताठ फिन निवडतो व दहा मिनिटांत पोटऱ्यांत गोळे घेऊन बसतो. मराठीत ह्या वस्तूस काय म्हणावे? माशाच्या ह्या अवयवाला आपण 'पर' म्हणतो. तो शब्द येथे चालावा, असे मला वाटते. मास्कसाठी मात्र 'मुखवटा' सुचविणाऱ्यांशी मी सहमत नाही. मुखवटा दुसऱ्याचा चेहरा दाखवितो. ही वस्तू ज्याच्या त्याच्या चेहऱ्याला बसणारी हवी, किंबहुना तिची सारी परीक्षाच तेवढी आहे.

आता मराठवाड्याकडे परत यावयाचे तर विहिरीवर यावे लागते. येथील मुले पोहावयास शिकत ती विहिरीत, आणि नवशिक्याचे वैयक्तिक साहित्य म्हणजे पाठीला बांधलेला वाळका भोपळा, पांगाऱ्याचा ओंडका किंवा झाकण पक्के केलेला पत्र्याचा डबा. भोपळ्यांच्या अशा जोडीला, आणि एकत्र बांधलेल्या होड्यांच्या तराफ्यालाही, 'सांगड' म्हणतात. पेरिप्लसकाराने दक्षिणेच्या किनाऱ्यावर एकसंध ओंडके जोडून केलेल्या ज्या 'संगर' नावाच्या मोठ्या नावा नोंदविल्या आहेत त्या शब्दाशी आपल्या सांगडीचे नाते विद्वानांनी पूर्वीच जोडले आहे. 'सांगड घालणे' ह्या वाक्प्रचारात ती नाव अजून तरंगते आहे. स्कूबाचे जाकीट म्हणजे तत्त्वतः सांगडच, फरक इतकाच की तिच्यातील हवा बुडी मारणाऱ्याला कमीजास्त करता येते. तिच्या उलट काम करणारे शिशाचे वजन आखातात दगडाच्या रूपाने होते. पायाशी दगड बांधलेला वेगळा दोर घेऊन माणूस तळाशी जाई व पोहोचताच पाऊल सोडवून घेई. दगड वरचे लोक ओढून घेत आणि माणूस हलका राही. वजन अंगाचे असू नये, क्षणात टाकता आले पाहिजे, हा नियम तेव्हापासूनचा आहे. कमरेचा वजनपट्टा एका हाताने, एका ओढीत सुटतो की नाही हे घेतानाच पाहावे, असे आज सांगतात ते त्याचेच रूपांतर होय.

एका ठिकाणी मात्र ही परंपरा खंडित होते, आणि तेथे शब्दांची निवड हा केवळ भाषाशास्त्राचा विषय राहत नाही. विहिरीत किंवा समुद्रात उघड्या अंगाने बुडी मारणाऱ्याचे सारे कौशल्य 'दम धरण्या'त असते. 'दम धर', 'दम राख', 'त्याचा दम मोठा आहे' ही सर्व प्रशंसेची भाषा आहे. भिण्याच्या क्षणी श्वास रोखणे हा शरीराचाही पहिला स्वभाव आहे. स्कूबाचा पहिला नियम नेमका ह्याच्या विरुद्ध आहे : श्वास कधीही रोखू नये. उघड्या अंगाने बुडी मारणारा वरची हवा छातीत घेऊन खाली जातो. ती खाली आकसते व वर येताना फुगून पूर्ववत होते, त्याहून अधिक नाही. टाकीतून श्वास घेणारा मात्र तळाच्या दाबाची हवा घेतो. दहा मीटरांवर घेतलेला एक पूर्ण श्वास कोंडून तो वर आला तर तीच हवा पृष्ठभागाशी दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुस फाटते. भरलेल्या छातीने मीटर-दीड मीटर वर येणेही अपायकारक ठरू शकते. पाण्याचा दाब उथळ भागातच प्रमाणाने सर्वाधिक झपाट्याने बदलतो, म्हणून प्रशिक्षणाचा तलावही ह्या नियमातून सुटत नाही.

आता अशी कल्पना करावी की मराठवाड्यातील एखाद्या खेड्यात विहिरीत पोहावयास शिकलेला, गावात पट्टीचा पोहणारा म्हणून नावाजलेला तरुण तारकर्लीस येतो. तेथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षणसंस्था आहे, आणि मालवणच्या परिसरात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना समुद्रतळ दाखविण्याचा व्यवसाय गेल्या काही वर्षांत चांगलाच वाढला आहे. पावसाळा सोडून येथे हंगाम चालतो. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पुरातत्त्वज्ञ, ज्यांनी डॉ. शि. रं. राव ह्यांच्या मार्गदर्शनाखाली द्वारकेचे संशोधन केले व पुढे गोव्याजवळच्या सुंची खडकावर फुटलेल्या पोर्तुगीजकालीन जहाजातून हस्तिदंत व मर्तबानच्या बरण्यांचे तुकडे वर काढले, ते ह्याच साहित्याने खाली उतरतात. आपल्या विभागातील इतिहासाच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी त्या वाटेला जाऊ म्हटले तर त्याला आरंभ ह्याच तीन वस्तूंपासून करावा लागेल. ह्या तरुणाला मास्क जुळतो, पर जुळतात, पाण्याची भीती मुळातच नाही. त्याला सूचना इंग्रजीत वा इंग्रजीमिश्रित हिंदीत मिळतात. तो मान हालवितो. आणि पाण्याखाली काही बिघडल्यास त्याच्या मनात त्याच्या भाषेतले जे पहिले शब्द उमटतात ते 'दम धर' हे असतात.

ह्यासाठी मराठीत सूचना असाव्यात एवढे म्हणणे पुरेसे नाही. कोणत्या मराठीत, हे ठरवावे लागेल. 'श्वसनक्रिया अखंडित ठेवावी' हे वाक्य शुद्ध आहे व पाण्याखाली निरुपयोगी आहे. नियम ज्या धातूने मोडला जाणार त्याच धातूने सांगितला पाहिजे : 'दम धरू नको, दम सोडत ये.' मालवणी शिक्षकांच्या तोंडी ह्या सूचनेची कोणती रूपे आहेत, नळी, वजन, पट्टा, काच ह्यांना ते काय म्हणतात, ह्यांचा संग्रह विभागातर्फे करण्यासारखा आहे. किनाऱ्यावर शब्द वस्तूंच्या मागोमाग येतात आणि वस्तू बदलल्या की जातातही. फिताम असा गेला.

सात मण मोत्यांची गोष्ट फरिश्त्याने लिहिली. दौलताबादच्या खंदकात आज दुर्ग पाहावयास येणारे लोक पुलावरून खाली वाकून पाहतात. मराठवाड्यात एखाद्या विहिरीत वा पाझर तलावात कोणी बुडाले म्हणजे अजूनही पुष्कळदा गावातील पट्टीच्या पोहणाऱ्यालाच बोलावून आणतात. त्याच्या अंगावर एक पंचा असतो, कमरेस दोर. दोराचे दुसरे टोक काठावरच्या चौघांच्या हाती असते, आणि दोर हालला की ते ओढतात. त्याला मास्क दिला तर चालेल काय, असे कोणी विचारत नाही. खोल विहिरीच्या तळाशी विषारी वायू साठलेला असू शकतो व तेथे मास्कचा, नळीचा काहीच उपयोग नाही, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते.